पहिल्या तासाचे ज्ञान: बिरवाडी, अंबाजोगाई आणि दोन अंतरांची गोष्ट

१/ आपत्कालीन वैद्यकाच्या इतिहासात दोन अंतरे मोजावी लागतात. पहिले रुग्ण आणि रुग्णालय यांमधील. ते किलोमीटरांत मोजता येते. दुसरे अंतर असे की, उपाय जगात कुठेतरी सापडलेला असतो, पण रुग्णासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला तो ठाऊक नसतो. हे अंतर कधी अकरा दिवसांचे असते, तर कधी कित्येक वर्षांचे. हा धागा त्या दुसऱ्या अंतराचा आहे.

२/ बीड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी, ११ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५.८५ लाख लोकसंख्या. उत्तरेच्या सीमेवर गोदावरी, मधून गेलेल्या बालाघाटाच्या रांगा, कोरडवाहू शेती आणि दर हंगामात ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे. सर्पदंश, विंचूदंश, कीटकनाशकाची विषबाधा, दुचाकीचा अपघात, बाळंतपणातील रक्तस्राव ही इथली नित्याची संकटे. अशा वेळी रुग्ण प्रथम पोहोचतो तो बहुधा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यापाशी. त्या अधिकाऱ्याला त्या क्षणी काय ठाऊक आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

३/ अतिदक्षता ही वैद्यकशाखा फार जुनी नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले. श्वासयंत्रे मोजकीच होती. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

४/ भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी शस्त्रक्रियागृहातील युक्ती वॉर्डात आणली. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत फुप्फुसांत हवा भरत राहायची. पिशवी दाबायला यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले. ऐंशी टक्क्यांहून अधिक असलेला मृत्युदर चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरला. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम इतिहासकार साधारणपणे याच प्रसंगात शोधतात.

५/ या अनुभवाचा वृत्तान्त जानेवारी १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या तिघा संशोधकांनी बंद छातीवर दाब देऊन थांबलेले हृदय चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला केवळ दोन हात लागत होते. उपाय इतका साधा असूनही तो शिकायचा तर नियतकालिक हवे, ते येणारे ग्रंथालय हवे आणि समजावून देणारा शिक्षक हवा. या तिन्ही गोष्टी त्या काळी प्रामुख्याने मोठ्या शहरांत होत्या.

६/ मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. बीड जिल्ह्याच्या वाट्याला वैद्यकीय शिक्षण आले ते आणखी जवळजवळ दोन दशकांनी, आणि तेही जिल्ह्याच्या मुख्यालयी नव्हे, तर अंबाजोगाईला.

७/ अंबाजोगाईची निवड इतिहासाच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखले जाणारे हे लष्करी छावणीचे गाव. परंपरा मुकुंदराजांची समाधी येथेच दाखवते. संस्कृतातील वेदान्त मराठीत आणणारा त्यांचा ‘विवेकसिंधु’ मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानला जातो. त्याच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी याच गावी शिक्षक म्हणून काम केले होते. त्यांचे निधन १९७२ मध्ये झाले आणि पुढे काही वर्षांतच येथे उभ्या राहिलेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले.

८/ ‘आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय’ अशी त्याची ओळख अभिमानाने सांगितली जाते. इतिहास म्हणून ती जपून वापरावी, कारण वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्येच सुरू झाले होते. पहिले कोण, यापेक्षा येथे एक गोष्ट मोलाची आहे. शिक्षक, ग्रंथालय आणि खेड्यातील रुग्ण एका आवारात आले. विद्यार्थ्याला सर्पदंश पुस्तकात भेटण्याआधी अपघात विभागात भेटू लागला.

९/ मात्र दुसरे अंतर त्यामुळे मिटले नाही. पदवी घेऊन विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला, की ग्रंथालय मागे राहत असे. परदेशी नियतकालिके महाग, टपाल संथ, आणि पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती येईपर्यंत काही वर्षे उलटत. शिकताना जे हाती लागले, त्यावरच पुढची नोकरी निभावायची, अशी स्थिती होती. ही अडचण एकट्या मराठवाड्याची नव्हती, हे १९७६ या वर्षातील दोन घटनांवरून दिसते.

१०/ पहिली घटना अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातली. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली. चार मुले जखमी झाली, त्यांतील तिघांची स्थिती गंभीर होती. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जे उपचार मिळाले, ते पाहून स्टायनर अस्वस्थ झाले. तेथील डॉक्टर बेफिकीर नव्हते. गंभीर जखमीकडे कोणत्या क्रमाने पाहायचे, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नव्हते.

११/ स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो क्रम ठरवून दिला: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. १९७८ मध्ये नेब्रास्कातच ग्रामीण डॉक्टरांसाठी पहिला अभ्यासवर्ग झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन शल्यविशारदांच्या महाविद्यालयाने तो स्वीकारला. अपघातग्रस्तांच्या उपचारांचा जगभर शिकवला जाणारा हा पाठ एका आडगावच्या उणिवेतून जन्माला आला.

१२/ दुसरी घटना महाराष्ट्रातली. त्याच १९७६ मध्ये मराठवाड्याच्या मातीतील एक तरुण डॉक्टर कोकणात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. भोकरदन तालुक्यातील देहेड हे त्याचे गाव, नाव हिंमतराव बावस्कर. तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. धडधाकट मुले काही तासांत तोंडाला फेस येऊन, श्वास कोंडून जात. खात्रीचा उपाय पाठ्यपुस्तकात नव्हता.

१३/ बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तासातासाच्या नोंदी केल्या. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, गार पडणारे हातपाय, आधी चढणारा आणि मग कोसळणारा रक्तदाब, शेवटी फुप्फुसांत साचणारे पाणी. हा क्रम त्यांना पुन्हा पुन्हा दिसला. मृत्यू आधी सूचना देऊन येत होता. ती सूचना ओळखणारा हवा होता. या धोक्याच्या पूर्वलक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापला.

१४/ यामागील शरीरशास्त्र थोडक्यात असे. विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियमची दारे उघडी धरून ठेवते. शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसे पाण्याने भरू लागतात. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध तेव्हा रक्तदाबासाठी वापरले जात होते. स्वस्त होते, गोळीच्या रूपात मिळत होते, शीतकपाट लागत नव्हते. १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच बावस्करांनी विंचूदंशावरील त्याचा उपयोग मांडला.

१५/ बावस्कर दाम्पत्याच्या प्रसिद्ध नोंदींनुसार गंभीर विंचूदंशात पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर या उपचारानंतर एका टक्क्यापर्यंत उतरला. २०११ च्या प्रारंभी ‘बीएमजे’मध्ये त्यांचा ७० रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास आला. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली, तर रुग्ण सरासरी ८ तासांत सावरत. केवळ प्राझोसिन दिल्यास जवळजवळ १८ तास लागत. हा निबंध जगात कोणालाही विनामूल्य वाचता येतो. १९८२ आणि २०११ या दोन निबंधांमधील हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याचीच गोष्ट आहे.

१६/ या शोधाचा एक पैलू सहज निसटतो. प्राझोसिन प्रत्येक विंचूदंशाला द्यायचे नसते. केवळ वेदना असतील, तर त्याची गरज नाही. पूर्वलक्षणे दिसली की मात्र विलंब करायचा नाही. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला झोपवून ठेवायचे, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो. औषधाचे नाव एका ओळीत सांगता येते. ते केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये, हा विवेक सांगायला वेळ लागतो.

१७/ आता मूळ प्रश्न. ‘द लॅन्सेट’मधील तो निबंध एखाद्या दुर्गम आरोग्य केंद्रातील डॉक्टरपर्यंत कसा पोहोचणार? लंडनच्या नियतकालिकात छापलेले महाडचे ज्ञान महाराष्ट्राच्याच खेड्यात परतायला परिषदा, व्याख्याने, ओळखीच्या डॉक्टरांचे सांगणे अशा वाटा धरत होते. दंश रात्री होत होता आणि ज्ञान टपालाने चालत होते.

१८/ १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने पबमेड ही शोधसेवा जगाला मोफत खुली केली. लाखो निबंधांचे सारांश कोणालाही पाहता येऊ लागले. पूर्ण निबंध मात्र बहुधा वर्गणीच्या कुंपणाआड राहिला. दार दिसू लागले होते, किल्ली ज्याच्या-त्याच्या संस्थेच्या ऐपतीवर होती.

१९/ कुंपण ओलांडण्याचे काम आपत्कालीन विभागातील डॉक्टरांनीच हाती घेतले. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातून ‘लाइफ इन द फास्ट लेन’ हे संकेतस्थळ सुरू झाले. २००९ मध्ये अमेरिकेतील स्कॉट वाइनगार्ट यांनी ‘ईएमक्रिट’ ही ध्वनिमालिका सुरू केली. अतिदक्षता विभागातील उपचार आपत्कालीन कक्षाच्या दारातच सुरू व्हावेत, हा तिचा आग्रह. २०१२ मध्ये डब्लिन येथील परिषदेच्या काळात माइक कॅडोगन यांनी या साऱ्या खटाटोपाला नाव दिले: मुक्त वैद्यकीय शिक्षण. त्याचे इंग्रजी आद्याक्षरी रूप ‘फोम’ जगभर रुळले.

२०/ ही चळवळ याच शाखेत का फोफावली, याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. हृदयरोगतज्ज्ञ उद्या पुस्तक पाहून निर्णय घेऊ शकतो. आपत्कालीन डॉक्टरला समोर काय येणार हे ठाऊक नसते आणि निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. श्वासनलिकेत नळी घालण्याची चित्रफीत, हृदयालेखांचा संग्रह, विषबाधेवरील एकपानी टिपण हे त्याचे रात्रपाळीतील सोबती झाले.

२१/ त्याच सुमारास भारतातही ही शाखा आकार घेत होती. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांसह सुरू झाली. या वाहनांत डॉक्टर असतो, त्यांपैकी अनेक आयुर्वेदाचे पदवीधर. म्हणजे रुग्णाला भेटणारा पहिला डॉक्टर आता रस्त्यावर येऊन उभा राहिला. त्याच्यापाशी ग्रंथालय नव्हतेच. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि खिशातील फोन हेच त्याचे ग्रंथालय होऊ शकले.

२२/ या साऱ्या व्यवस्थेची कसोटी २०२० मध्ये लागली. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला: डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड श्वासयंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. २७ जून रोजी भारताच्या आरोग्य मंत्रालयाने ते आपल्या उपचारपद्धतीत समाविष्ट केले. लंडन ते बिरवाडी हे अंतर टपालाने काटायला जिथे वर्षे लागत, तिथे आता अकरा दिवस पुरले.

२३/ शिकवण्याची सोयही झपाट्याने उभी राहिली. केंद्र शासनाच्या दीक्षा मंचावर एप्रिल २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी अतिदक्षता आणि श्वासयंत्र यांवरील पाठ उपलब्ध झाले. ८ जुलै २०२० रोजी दिल्लीच्या एम्सने दृक्‌श्राव्य दुव्याद्वारे अतिदक्षता विभागांतील डॉक्टरांशी चर्चा सुरू केल्या. पहिल्या सत्रात मुंबई आणि गोव्यातील रुग्णालये होती. त्वचारोग वा नेत्रविभागातून कोविड वॉर्डात आलेल्या निवासी डॉक्टरांना श्वासयंत्राची बटणे पडद्यावर पाहून समजून घ्यावी लागली.

२४/ परंतु त्याच डेक्सामेथासोनचा उत्तरार्ध कमी लोकांनी वाचला. ज्यांना प्राणवायूची गरज नाही, त्यांना या औषधाचा लाभ दिसला नव्हता. ‘स्टेरॉइडने जीव वाचतो’ हे वाक्य मोबाइलवरून गावोगाव गेले. ‘प्राणवायू लागत नसेल तर देऊ नये’ हे वाक्य मागे राहिले. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने थैमान घातले, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरिक्त वापर ही त्याची प्रमुख कारणे म्हणून पुढे आली.

२५/ प्लाझ्मा उपचाराची कहाणी याची दुसरी बाजू दाखवते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवरील चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, हे ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आले. तरीही प्लाझ्मादात्यांसाठी नातेवाइकांची धावपळ दुसऱ्या लाटेतही चालूच होती. राष्ट्रीय उपचारपद्धतीतून तो वगळला गेला मे २०२१ मध्ये. उपयोगी गोष्ट अकरा दिवसांत आली. निरुपयोगी गोष्ट जायला सात महिने लागले.

२६/ आणि पहिले अंतर, किलोमीटरांचे? ते पडद्यावर मिटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून अंत्यसंस्कारासाठी नेले गेले आणि त्या बातमीने देश हादरला. रुग्णवाहिका अपुऱ्या असल्याचे कारण पुढे आले. त्या दिवसांत श्वासयंत्र कसे चालवावे हे जगातील कोणताही डॉक्टर विनामूल्य शिकू शकत होता. वाहन, खाट, प्राणवायू आणि परिचारिका या गोष्टी मात्र उतरवून घेता येत नव्हत्या. मुक्त ज्ञानाचा इतिहास लिहिताना ही नोंद वगळली, तर तो इतिहास अर्धा राहील.

२७/ आणखी एक उणीव भाषेची आणि विषयाची आहे. मुक्त वैद्यकीय शिक्षणाचा बहुतांश साठा इंग्रजीत आणि संपन्न देशांतील रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून तयार झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत महत्त्वाचे स्थान दिले ते २०१७ मध्ये. बीडच्या शेतकऱ्याला फुरसे वा मण्यार चावल्यावर पहिल्या तासात काय करावे, हे मेलबर्न वा न्यूयॉर्कमधील डॉक्टर त्याच्याइतके पाहत नाही. तो पाठ येथूनच लिहिला जायला हवा, आणि आशा कार्यकर्तीला समजेल अशा मराठीतही.

२८/ असे घडू शकते, याचा पुरावा बिरवाडीत आहे. यंत्रे नसलेल्या आरोग्य केंद्रात खाटेशेजारी बसून केलेल्या नोंदींनी जगाला विंचूदंशाचा उपचार शिकवला. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. नेब्रास्काच्या स्टायनरांप्रमाणे त्यांनीही आडगावची उणीव हाच अभ्यासाचा विषय केला. ज्ञान शहराकडून खेड्याकडे वाहते हा समज या दोघांनी खोटा ठरवला.

२९/ सत्तर वर्षांच्या या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. औषधाचे नाव आता क्षणात पोहोचते. ते कोणाला, केव्हा, किती द्यावे आणि कोणाला मुळीच देऊ नये, हे पोहोचायला अजूनही शिक्षक, सराव आणि रुग्णाजवळ घालवलेले तास लागतात. अंबाजोगाईशी जोडल्या गेलेल्या त्या जुन्या मराठी ग्रंथाच्या नावात ‘विवेक’ हा शब्द आहे. आपत्कालीन कक्षात आजही तोच सर्वांत उशिरा पोहोचतो.

(धागा समाप्त)